तळघरांतील श्रोते

संगीताचा इतिहास म्हणून जें कांहीं आपल्यापुढें येतें, तो बहुधा गाणाऱ्यावाजविणाऱ्यांचा इतिहास असतो. अमक्या उस्तादाचें घराणें कोणतें, त्यानें कोणाकडून विद्या घेतली, कोणाला गंडा बांधला, हें सर्व आपण आवडीनें वाचतों. परंतु त्याच्यासमोर जे लोक बसले होते, ज्यांनीं पैसे मोजून तें गाणें ऐकलें, कधीं मान डोलविली तर कधीं जांभई दिली, त्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक श्रोत्यांवांचून गाणें होईल, पण मैफल होणार नाहीं. मैफलीच्या या दुसऱ्या पक्षाचा इतिहास लिहावयाचा तर त्याला एखादें स्थिर ठिकाण पाहिजे. जेथें वर्षानुवर्षें तीच जागा, त्याच भिंती, आणि समोर मात्र नवनवे लोक, असें एखादें ठिकाण. न्यूयॉर्क शहरांत असें एक तळघर आहे. 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हें त्याचें नांव. तें आहे एक पानगृह. तेथें मद्य मिळतें आणि संगीत ऐकावयास मिळतें. १९३५ सालापासून तें एकाच जागीं चालत आलें आहे. या नव्वद वर्षांत तेथील गिऱ्हाईक कसकसें बदलत गेलें, हें पाहण्याजोगें आहे.

या पानगृहाचा संस्थापक मॅक्स गॉर्डन हा १९०३ सालीं त्या वेळच्या रशियन साम्राज्याच्या पश्चिम भागांत एका ज्यू कुटुंबांत जन्मला. लहानपणींच तो घरच्या मंडळींबरोबर अमेरिकेंत आला व ऑरेगॉन प्रांतांतील पोर्टलंड शहरीं वाढला. कायद्याचा अभ्यास करावा म्हणून १९२६ सालीं तो न्यूयॉर्कला गेला, आणि थोडक्याच दिवसांत त्यानें तो अभ्यास सोडून दिला. कवि, चित्रकार आणि रिकामटेकडे विद्वान यांची वस्ती असलेला ग्रीनिच व्हिलेज हा भाग त्याला मानवला. ज्यांना घरीं करमत नाहीं व ज्यांच्या खिशांत फारसे पैसे नाहींत अशांनीं रात्रीं कोठें तरी एकत्र बसावें, बोलावें, वाद घालावा, एवढीच त्याची मूळ कल्पना होती. १९३४ सालीं चार्ल्स स्ट्रीटवर त्यानें दुकान मांडलें. पण करमणुकीच्या परवान्यासाठीं लागणाऱ्या सोयी तेथें नव्हत्या. म्हणून १९३५ च्या फेब्रुवारींत त्यानें सेव्हंथ ॲव्हेन्यू साउथ या रस्त्यावरील एक तळघर घेतलें. दारूबंदीच्या काळांत तेथें 'गोल्डन ट्रायँगल' नांवाचा चोरटा गुत्ता होता.

त्रिकोण हें नांव उगीच पडलेलें नव्हतें. या शतकाच्या नव्हे, तर गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सेव्हंथ ॲव्हेन्यू हा रस्ता जुन्या वस्तींतून तिरपा कापून दक्षिणेकडे वाढविण्यांत आला. त्यामुळें त्याच्या कडेला अनेक तिकोनी जागा उरल्या. अशाच एका जागेवरील इमारतीखालचें हें तळघरहि पाचरीच्या आकाराचें आहे. रस्त्यावरून पंधरा पायऱ्या उतरून खालीं जावें, आणि पाचरीच्या निमुळत्या टोकाला वादकांचा चौथरा पाहावा. दोन भिंती समोरासमोर सरळ नसल्यामुळें आवाज त्यांच्यांत घुमत राहत नाहीं, आणि जागा इतकी लहान कीं शेवटच्या खुर्चीवरील मनुष्यालाहि वादकाचा श्वास ऐकूं यावा. आजहि तेथें एका वेळीं सुमारें सव्वाशेंच लोकांना प्रवेश मिळतो. नगररचनेच्या एका आडव्यातिडव्या छेदानें जगाला एक उत्तम संगीतगृह मिळवून दिलें, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

येथें मद्य आणि संगीत यांच्या संबंधाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. अमेरिकेंतील दारूबंदी १९२० सालीं सुरू झाली व १९३३ च्या डिसेंबरांत उठली. ती उठल्यावर जीं दुकानें उघडलीं त्यांपैकींच हें एक. गिऱ्हाइकानें पेल्याचे पैसे द्यावे आणि त्यांतून वादकाची बिदागी निघावी, असा हा व्यवहार. आपल्याकडील वाचकांस हा व्यवहार अगदींच परका नाहीं. ज्या १९३५ सालीं गॉर्डननें आपलें तळघर उघडलें, त्याच सालीं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला संच घेऊन आला होता, आणि पुढें त्या शहरांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनीं जॅझ संगीताची एक मोठी परंपरा उभी केली. मुंबई प्रांताचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालीं झाला, तेव्हां हॉटेलांतील त्या रात्रींना ओहोटी लागली, आणि चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांचा आधार अधिकच महत्त्वाचा झाला. एका शहरांत बंदी उठल्यामुळें एक संगीतस्थान जन्मास आलें. दुसऱ्यांत बंदी आल्यामुळें संगीताला स्थलांतर करावें लागलें. नीतीच्या दृष्टीनें मद्याविषयीं कोणाचें मत कांहींहि असो, पेला आणि सूर यांचा जमाखर्च पुष्कळ काळ एकाच वहींत लिहिला गेला, ही गोष्ट इतिहासाला नाकारतां येत नाहीं.

असो. तळघराचे पहिले श्रोते हे मुळीं श्रोते नव्हतेच. ते बोलणारे होते. मॅक्सवेल बोडनहाइम, हॅरी केम्प यांच्यासारखे कवि तेथें कविता म्हणत, एली सीगल हा कवि सूत्रधाराचें काम करी, आणि कोण म्हणणारा व कोण ऐकणारा हा भेद रात्र चढत जाई तसतसा पुसट होई. पुढें १९३८-३९ च्या सुमारास पांच तरुण मुलांमुलींचा 'रिव्ह्यूअर्स' नांवाचा संच तेथें विनोदी प्रवेश करूं लागला. त्यांत जूडी हॉलिडे ही पुढें नामांकित झालेली नटी होती. बेटी कॉम्डेन व अॅडॉल्फ ग्रीन हे पुढचे नाटककार होते. आणि लेनर्ड बर्नस्टाइन हा त्यांचा मित्र अधूनमधून पियानोची साथ करी. १९४१ सालीं लेडबेली व जॉश व्हाइट हे कृष्णवर्णीय लोकगायक तेथें गाऊं लागले, आणि १९४९ च्या अखेरीपासून 'वीव्हर्स' या चौघांनीं कित्येक महिने तेथें लोकगीतें गाइलीं. या सर्व काळांत गिऱ्हाईक जें घेऊन जाई तें प्रामुख्यानें सहवासाचें सुख होतें. गाणें हें त्या सहवासाचें निमित्त होतें. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. ज्या शहरांत माणूस गर्दींत राहूनहि एकाकी असतो, तेथें परक्यांच्या टेबलाला टेबल लावून बसण्याची मुभा ही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण याच श्रोतृवर्गाची कसोटी लागण्याचा एक प्रसंग १९४८ च्या सप्टेंबरांत आला. थेलोनियस मंक नांवाचा पियानोवादक त्या वेळीं तिशींत होता. त्याचें वादन अडखळल्यासारखें वाटे. अपेक्षित ठिकाणीं सूर येत नसे व अनपेक्षित ठिकाणीं येई. त्याच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या 'ब्ल्यू नोट' या संस्थेचा एक संस्थापक आल्फ्रेड लायन याची पत्नी लॉरेन हिनें गॉर्डनला गळ घालून मंकला एका आठवड्यासाठीं तेथें वाजवावयास लावलें. तो आठवडा सुरू झाला, आणि कोणी आलेंच नाहीं. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून गॉर्डन त्या बाईंवर रागावला, आणि त्या मात्र मंक हा असामान्य वादक आहे असें त्याला ठासून सांगत राहिल्या. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. दुकानदाराचा तोटा खरा होता आणि वादकाची थोरवीहि खरी होती. खोटें होतें तें गैरहजर गिऱ्हाईक. पुढें लॉरेन बाईंनीं मॅक्स गॉर्डन याच्याशीं विवाह केला, आणि मंकचें नांव जॅझच्या इतिहासांत अग्रभागीं लिहिलें गेलें. परंतु १९५१ पासून १९५७ पर्यंत पोलिसांनीं परवाना काढून घेतल्यामुळें मंकला न्यूयॉर्कच्या मद्य विकणाऱ्या गृहांत वाजवितांच येत नव्हतें. ज्या श्रोत्यांनीं १९४८ सालीं तो आठवडा चुकविला, त्यांना पुढें त्याला ऐकावेंसें वाटलें तेव्हां कायद्यानें बराच काळ वाट पाहावयास लावली.

१९५७ च्या सुमारास गॉर्डननें धोरण बदललें. घरोघर टेलिव्हिजन आलें होतें; विनोदी नट आणि गायक यांना तेथें जो पैसा मिळे तो तळघराच्या मालकाला परवडण्यासारखा नव्हता. म्हणून त्यानें मुख्यतः जॅझ ठेवावयाचें ठरविलें. या एका व्यापारी निर्णयानें गिऱ्हाइकाची जात बदलली. ज्याला गप्पा मारावयाच्या तो दुसरीकडे जाऊं लागला, आणि ज्याला ऐकावयाचें तो पंधरा पायऱ्या उतरूं लागला. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरला सॉनी रॉलिन्स या सॅक्सोफोनवादकाचें दुपारचें व रात्रीचें वादन तेथेंच ध्वनिमुद्रित करण्यांत आलें. साथीला पियानो नव्हता, फक्त डबल बास व ड्रम. ती मुद्रिका लोकप्रिय झाली, आणि तेव्हांपासून या तळघराला एक दुसरें, अदृश्य गिऱ्हाईक लाभलें: ज्यानें न्यूयॉर्क कधीं पाहिलें नाहीं, पण त्या खोलींतला टाळ्यांचा आवाज ज्याच्या परिचयाचा आहे असा घरबसल्या श्रोता.

या अदृश्य श्रोत्याच्या कानीं सर्वांत अधिक पडलेला दिवस म्हणजे रविवार, २५ जून १९६१. त्या दिवशीं बिल एव्हान्स हा पियानोवादक, स्कॉट लाफारो हा बासवादक व पॉल मोशन हा ड्रमवादक या तिघांनीं दुपारीं दोन व रात्रीं तीन अशा पांच बैठका वाजविल्या, आणि त्या सर्व मुद्रित झाल्या. पहिल्याच चिजेंत वीज खंडित होऊन मुद्रण मध्येंच तुटलें. या तिघांच्या वादनाचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत एक मुख्य व दोघे साथीदार असा भेद राहिला नव्हता. बास केवळ ताल धरून न राहतां पियानोशीं बोलत होता. आतां या मुद्रिका लक्षपूर्वक ऐकल्या म्हणजे त्या बोलण्याच्या पाठीमागें दुसरेंहि एक बोलणें ऐकूं येतें. कोणी तरी हंसतें आहे, पेल्यांवर पेले वाजत आहेत, कोणी शेजाऱ्याशीं कांहीं तरी कुजबुजतें आहे, आणि चीज संपली म्हणजे थोड्याशा टाळ्या पडतात. अकरा दिवसांनीं, ६ जुलै रोजीं, लाफारो मोटार-अपघातांत मरण पावला. त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें. त्या तिघांचें तें शेवटचें मुद्रण ठरलें.

हें कळल्यावर ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम राग उत्पन्न होतो. इतकी दुर्मिळ घटका समोर चालली असतां या लोकांना बोलावयास सुचलें तरी कसें? आम्हांस मात्र हा राग न्याय्य वाटत नाहीं. ती घटका शेवटची आहे हें त्या खोलींत कोणालाच ठाऊक नव्हतें, वाजविणाऱ्यांनाहि नव्हतें. रविवारची दुपार होती, खिशांत थोडे पैसे होते, सोबतीला एखादें आवडतें माणूस होतें. पुढच्या पिढ्या ज्याला ठेवा म्हणतील तो त्यांच्या दृष्टीनें आठवड्याच्या सुटीचा एक तुकडा होता. आणि खरें सांगावयाचें तर त्या पेल्यांचा किणकिणाट वजा केला तर त्या मुद्रिकेंतून कांहीं तरी जाईल. कलेच्या शेजारीं निष्काळजी आयुष्य बसलेलें आहे ही जाणीव जाईल. बेसावध श्रोता हाहि इतिहासाचा साक्षीदारच असतो. फक्त आपण साक्ष देत आहों हें त्याला कळत नाहीं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जॉन कोल्ट्रेन यानें त्याच चौथऱ्यावर जें वाजविलें, त्यापुढें बेसावध राहणें मात्र शक्य नव्हतें. एकेक चीज पंधरा-पंधरा मिनिटें चाले. सॅक्सोफोन कधीं आक्रोश करी, कधीं एकाच स्वरसमूहाभोंवतीं घिरट्या घाली. त्यांतील एका चिजेचें नांवच 'इंडिया' असें आहे. दोन बासांनीं मिळून धरलेला आधारस्वर आणि त्यावर चाललेला विस्तार हा आपल्या कानांना सर्वस्वीं परका वाटत नाहीं; कोल्ट्रेनला हिंदुस्थानी संगीताची ओढ होती, आणि १९६५ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाचें नांव त्यानें पंडित रविशंकर यांच्यावरून रवि असें ठेविलें. त्या काळीं त्याच्या या नव्या वादनाला जॅझच म्हणूं नये असें म्हणणारे टीकाकार होते. तळघरांतील श्रोत्यांना मात्र टीकाकाराप्रमाणें दुसऱ्या दिवशीं मत देण्याची सवड नव्हती. त्यांना त्याच क्षणीं ठरवावयाचें होतें: बसावें कीं उठावें? १९४८ च्या मंकच्या आठवड्यांत जी परीक्षा रिकाम्या खुर्च्यांनीं दिली, ती येथें भरलेल्या खुर्च्यांना द्यावी लागली.

तेथपासून पुढची वाट हळूहळू मौनाकडे गेली. ७ फेब्रुवारी १९६६ या सोमवारीं थॅड जोन्स व मेल लुइस यांच्या मोठ्या वाद्यवृंदानें तेथें प्रथम वादन केलें. सोमवार हा धंद्याच्या दृष्टीनें पडता दिवस. पण त्या लहानशा चौथऱ्यावर दाटीवाटीनें बसलेल्या वादकांना ऐकण्यास लोक येतच राहिले, आणि सोमवारची ती वहिवाट 'व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा' या नांवानें आजतागायत चालू आहे. बाकीच्या दिवशीं मंगळवारपासून रविवारपर्यंत बहुधा एकच संच वाजवितो. त्यामुळें मंगळवारीं चांचपडणारा संच शनिवारपर्यंत कसा एकजीव होतो, हें पाहण्याचें सुख दोनदां येणाऱ्या गिऱ्हाइकाला लाभतें. खाद्यपदार्थ देणें केव्हांच बंद झालें. जुनें स्वयंपाकघर वादकांच्या बसण्याउठण्याची व मालकाच्या कामकाजाची खोली बनलें. ११ मे १९८९ रोजीं मॅक्स गॉर्डन वारला. लॉरेन बाईंनीं एक रात्र दार बंद ठेविलें, आणि दुसऱ्या रात्रीं उघडलें. २०१८ सालीं आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनींच तें चालविलें, आणि त्यानंतर त्यांची कन्या तें चालवीत आहे. वादन चालू असतां बोलूं नये, फोन हातीं घेऊं नये, चित्रें काढूं नयेत, असा आतां नियम आहे. प्रथम जेवण गेलें, मग गप्पा गेल्या. पेला तेवढा राहिला, आणि तोहि आवाज न करतां खालीं ठेवावयाचा असतो.

मग ही प्रगति समजावी काय? होय आणि नाहीं. एकाग्र श्रोता हा वादकाचा मोठा आधार आहे, यांत शंका नाहीं. सव्वाशें माणसांनीं श्वास रोखला म्हणजे सर्वांत मंद सुरालाहि जागा मिळते. पण मौनाचे दोन प्रकार आहेत. एक ऐकण्याचें मौन, आणि दुसरें दर्शनाचें. जगभरांतून लोक आतां त्या पायऱ्या उतरतात. भिंतींवर थोर वादकांचीं छायाचित्रें आहेत. या जागीं कोल्ट्रेन उभा होता, येथें एव्हान्स वांकून बसला होता, या भावनेनेंच पुष्कळांचें मन भरून येतें. ही भक्ति खोटी नव्हे. पण ती मेलेल्यांकडे पाहते, आणि समोर जिवंत मनुष्य वाजवीत असतो. ज्याचें नांव अजून झालेलें नाहीं, ज्याच्या थोरवीची ग्वाही कोणी दिलेली नाहीं, त्याला ऐकण्यासाठीं जो खर्च करून येतो, तोच त्या १९४८ च्या आठवड्याचें ऋण फेडतो. प्रसिद्धासमोर गप्प बसणें सोपें आहे. अप्रसिद्धासमोर बसून राहणें कठीण आहे. श्रोत्याची योग्यता मोजावयाची तर ती या दुसऱ्या मापानें मोजावी असें आम्हांस वाटतें. आणि हें माप काय केवळ न्यूयॉर्कच्या तळघरासाठीं आहे?

या लहानशा इतिहासांतील एक प्रकरण अगदीं अलीकडचें आहे. २०२० च्या मार्चांत साथीच्या रोगामुळें तळघराचें दार बंद झालें. कांहीं महिन्यांनीं वादक पुन्हां खालीं उतरले, आणि इंटरनेटवरून त्यांचें वादन घरोघर पोंचूं लागलें. सूर तेच, भिंती त्याच, पाचरीचा तो आकारहि तोच. अदृश्य गिऱ्हाईक मात्र आतां एकटेंच उरलें होतें. चीज संपे, आणि शेवटचा सूर विरल्यावर टाळ्यांच्या जागीं शांतता पडे. ही ऐकण्याची शांतता नव्हती; ती केवळ माणसांच्या अभावाची शांतता होती. २५ जून १९६१ च्या ज्या किणकिणाटाचा व कुजबुजीचा अनेकांना राग येत असे, त्याची किंमत त्या महिन्यांत वादकांना आणि श्रोत्यांना सारखीच कळली असावी. २०२१ च्या सप्टेंबरांत दार पुन्हां उघडलें, लोक पंधरा पायऱ्या उतरून आपापल्या खुर्च्यांवर बसले, आणि चौथऱ्यावरील वादकांना पुन्हां एकदां समोरून माणसांच्या हालचालीचा आवाज ऐकूं आला.